हिरव्या ट्रेलरचे ब्रेक

पोलीस ठाण्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली मी पाठीवर झोपून एका ट्रेलरच्या पोटाकडे पाहत होतो. तिथे जे दिसलं ते निवृत्त झाल्यावरही डोळ्यांपुढून जात नाही. हवेच्या नळीचं तोंड होतं आणि त्या तोंडात एक बोल्ट नीट पिळून घट्ट बसवलेला होता. एवढंच. नोकरीत मी खून पाहिले, जळालेली घरं पाहिली, पण त्या बोल्टाने मला जेवढं बेचैन केलं तेवढं क्वचितच कशाने केलं असेल. का, ते समजण्यासाठी प्रकरण पहिल्यापासून सांगावं लागेल. नावं कुणाचीच घेणार नाही. यातली माणसं अजून याच जिल्ह्यात राहतात, त्यांची मुलं आता शिकतायत.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी मी जालना-भोकरदन रस्त्यावरच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणं लहान. हद्दीत कापूस-सोयाबीनची शेती, काही मोठी गावं आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत न थांबणारा रस्ता. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून लोखंडी सळई भरलेले ट्रेलर आमच्याच हद्दीतून पुढे जायचे. बांधावरून झालेली भांडणं आणि मोटारपंपांच्या चोऱ्या सोडल्या, तर आमच्या स्टेशन डायरीत जास्त नोंदी त्या रस्त्याच्याच असायच्या.

त्या आठवड्यात अवजड वाहनांच्या तपासणीची मोहीम सुरू होती. शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर परिवहन खात्याचे मोटार वाहन निरीक्षक आणि आमचे कर्मचारी मिळून गाड्या थांबवायचे. ब्रेक, दिवे, टायर, मागची लाल-पांढरी चमकपट्टी, कागदपत्रं. अशा मोहिमेची बातमी आधीच वर्तमानपत्रात येते. त्यामुळे त्या दिवसांत रस्त्यावरच्या गाड्या एकदम शहाण्या होतात. धुतलेल्या असतात, दिवे सगळे लागतात, चमकपट्टी कोरी करकरीत. आम्ही त्याला मोहिमेचं यश म्हणायचो आणि तसा अहवालही पाठवायचो.

मोहीम चालू असतानाच एका दुपारी अपघाताची खबर आली. रस्त्याला एका फाट्याजवळ लांबट उतार आहे. उताराच्या पायथ्याशी एक काळी-पिवळी जीप प्रवासी घ्यायला थांबली होती. वरून सळईने भरलेला हिरवा ट्रेलर आला. चालकाने ब्रेक दाबले. पण ट्रेलरने पुढच्या घोड्याला, म्हणजे इंजिनच्या भागाला, मागून ढकललं. घोडा आडवा वळला आणि ट्रेलरचं शेपूट फिरून जीपवर आपटलं. जीपमधले काही जण जखमी झाले. जीपमध्ये पाय ठेवत असलेली एक बाई दवाखान्यात नेईपर्यंत गेली. ती आरोग्यसेविका होती. गावोगाव जाऊन लहान मुलांना लस द्यायची. त्या फाट्यावरचा प्रत्येक माणूस तिला ओळखत होता, म्हणून जमाव लवकर पांगेना.

मी स्वतः घटनास्थळाचा पंचनामा केला. डांबरावर घोड्याच्या चाकांच्या काळ्या रेघा लांबपर्यंत होत्या. ट्रेलरच्या चाकांची मात्र रेघ नव्हती. दिसलं तसं लिहून घेतलं. त्याचा अर्थ लावायला तेव्हा वेळ नव्हता. जखमींना हलवायचं होतं, रस्त्यावर पसरलेली सळई बाजूला करायची होती. संध्याकाळी एका शिपायाला गाडीजवळ पहाऱ्यावर ठेवलं आणि मी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

चालक तिथे दाखल होता. हात मोडला होता, कपाळाला टाके होते. चाळिशी ओलांडलेला, भोकरदन तालुक्यातल्या शेतकरी घरातला माणूस. घरची जमीन थोरल्या काकाकडे, हा पंधरा-वीस वर्षं स्टीअरिंगवर. मी खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. अजून काही विचारलंही नव्हतं.

"डोळा लागला, साहेब," तो म्हणाला. "चूक माझी हाय. लिहून घ्या."

"बाईचं काय झालं, माहीत आहे ना?"

"हाय माहीत." त्याने भिंतीकडे तोंड केलं. "लिहून घ्या म्हणलं ना, साहेब. मी न्हाई म्हणून राह्यलो का?"

एक सांगतो. अपघात करून आलेला माणूस आधी कारणं सांगतो. जीप मधेच थांबली, कुत्रं आडवं आलं, समोरच्याने लाइट मारला. हळूहळू, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तो आपल्या चुकीपर्यंत येतो. हा माणूस मात्र चुकीपासूनच सुरुवात करत होता. शिवाय झोपलेला माणूस ब्रेक दाबत नाही. आणि डांबरावरच्या रेघा तर ब्रेकच्याच होत्या. शेवटच्या क्षणी जाग आली असेल, असं मी स्वतःला समजावलं. तरी मन खात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेनने ट्रेलर ठाण्यात आणला. त्याच्या पाठोपाठ मालक आला. हा जालन्यातला वाहतूक व्यावसायिक, बऱ्याच गाड्यांचा धनी, बोलायला गोड. हातात टाईप केलेला अर्ज.

"साहेब, आधीच एवढं दुःख, त्यात चोरी," तो म्हणाला. "अपघातानंतर गाडी रस्त्यावर पडली होती ना, तेवढ्यात मागचे ब्रेक बूस्टर कुणीतरी काढून नेले. लोकांना बिलकुल लाज न्हाई राह्यली."

बूस्टर म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक ओढणारा लोखंडी डबा. प्रत्येक चाकामागे एक असतो. तो नसेल तर त्या चाकाला ब्रेक नाही. मी अर्ज घेतला, पोच दिली. तो गेल्यावर माझा जुना हवालदार दारात उभा राहिला.

"साहेब, आपण अजून खाली वाकून बघितलं न्हाई," तो म्हणाला. "ह्यांना कसं कळलं काय चोरीला गेलं ते?"

मी लगेच मोटार वाहन निरीक्षकांना फोन लावला.

अपघातग्रस्त वाहनाची तांत्रिक तपासणी त्यांनी करायची असते. ते आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "साहेब, ही गाडी काल सकाळी मीच पास केली," ते म्हणाले. "वळणरस्त्यावर. स्वतः खाली शिरून पाहिली होती. सगळ्या चाकांना ब्रेक होते. आता माझ्या नावाने बोंब होणार."

"चला, पुन्हा पाहू," मी म्हणालो आणि त्यांच्यासोबत मीही ट्रेलरखाली शिरलो.

मागच्या दोन एक्सलचे बूस्टर खरोखरच नव्हते. आणि तिथेच मला तो बोल्ट दिसला. जिथे बूस्टर जोडलेला असतो, त्या प्रत्येक नळीच्या तोंडात एकेक बोल्ट. निरीक्षक म्हणाले, "हवा गळू नये म्हणून लावलेत. नळी उघडी राहिली तर सगळ्या गाडीची हवा जाते, गाडी हलतच नाही."

म्हणजे ज्याने बूस्टर काढले त्याला गाडी चालत राहायला हवी होती. चोर घाईत असतो. तो नळी कापतो आणि पळतो. रस्त्याच्या कडेला मोडून पडलेल्या ट्रेलरची हवा राखत बसत नाही. हे काम अपघाताआधीचं होतं. सकाळची तपासणी आणि दुपारचा अपघात यांच्या मधलं. म्हणूनच डांबरावर ट्रेलरच्या चाकांची रेघ नव्हती. कुणीतरी तपासणीत पास झालेल्या गाडीचे ब्रेक काढून तिला सळई भरलेली तशीच रस्त्यावर पाठवली होती. आणि चालक ते झाकायला झोपेचं नाव घेत होता.

प्रश्न एकच राहिला. मालकासाठी नोकर एवढं करतो का? करतो, पण असं नाही. भीतीने खोटं बोलणारा माणूस सारखा दाराकडे बघतो. हा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

पोलिसाला खबर नेहमी खबऱ्याकडूनच मिळते असं नाही. मी दुपारी पुन्हा दवाखान्यात गेलो. चालक डोळे मिटून पडला होता, माझ्याशी बोलायची त्याची तयारी नव्हती. परत निघालो तर त्याची बायको मागोमाग व्हरांड्यात आली. साधी, घाबरलेली बाई. हातात जेवणाचा डबा तसाच, न उघडलेला.

"साहेब, एक बोलू का?"

"बोला ना, ताई."

"ह्यांना गाडीवर झोप लागत न्हाई. झोप आली की गाडी बाजूला लावतेत अन् मला फोन करतेत, 'बोल माझ्याशी' म्हणतेत. मी घरचं, म्हशीचं, लेकरांचं काही बी सांगत बसते. मंग असं कशाला सांगून राह्यले, मला तर काही कळना."

"घरात कुणाला काही बोलले का ते?"

"कुणाला बोलतील? सासूबाई रडून राह्यल्या. अन् धाकले भाऊजी तर कालपासून घरीच न्हाई आले. दवाखान्यात सुदिक न्हाई." इथे तिच्या आवाजात राग आला. "सख्खा भाऊ हाय, साहेब. वडील गेले तवा हे शाळेत होते. शाळा सोडून ह्यांनी त्यांला लेकरावानी वाढवलं. यायला पाहिजे होतं का न्हाई त्यांनी?"

"काय करतात धाकटे?"

"मेकॅनिक हायत. ट्रेलरचं काम करतेत. ह्यांच्याच मालकाच्या यार्डात..."

वाक्य संपता संपता तिचा आवाज खाली गेला. आपण काय बोललो हे तिला बोलताबोलताच उमगलं असावं. तिने पदर तोंडाशी नेला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वळून वॉर्डात गेली. तिची ती नजर मला आवडली नाही. आवडण्यासारखी नव्हतीच. तिने दिराची तक्रार केली होती, तो भावाला बघायला आला नाही, एवढीच. मी त्यातून तपास काढला होता.

तिथून मी हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन थेट यार्डात गेलो. यार्ड वळणरस्त्यालगत, पत्र्याच्या शेडचं. आत गाड्यांची तयारी चालली होती, कारण मोहीम अजून संपली नव्हती. एक माणूस पाइपने चाकं धूत होता. दुसरा लाल रंगाच्या ट्रेलरला मागून नवी चमकपट्टी चिकटवत होता. दुसऱ्या दिवशी तो लाल ट्रेलर माल घेऊन नाक्यावरून जायचा होता.

मी वाकलो. त्या ट्रेलरची खालची सगळी चौकट तांबूस, रंग उडालेली, गंजलेली. मागच्या दोन एक्सलवरचे बूस्टर मात्र पोपटी हिरवे. ठाण्यात उभ्या असलेल्या ट्रेलरचा जो रंग, तोच. चौकटीला रंग मारताना फवारा डब्यांवरही उडालेला, तसाच्या तसा.

हवालदारानेही पाहिलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. पंचांसमोर पंचनामा सुरू झाला, फोटो काढले. तेवढ्यात शेजारच्या गाडीखालून एक तिशीतला माणूस बाहेर आला. हाताला ग्रीस, डोळे सुजलेले. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग हिरव्या डब्यांकडे पाहिलं, आणि हात पुसायचं फडकं खाली टाकून उभा राहिला. पळाला नाही.

त्याला मी माझ्या खोलीत बसवलं. चौकशीच्या वेळी खोलीत गर्दी नको, हा माझा पहिल्यापासूनचा रिवाज. बघ्यांसमोर माणूस कडक होतो. हवालदार एकटा दाराशी होता. मी चहा मागवला. धाकट्याने कपाला हात लावला नाही.

"दादा कसा हाय, साहेब?" त्यानेच सुरुवात केली.

"हात मोडलाय. टाके पडलेत. तू गेला नाहीस बघायला?"

"न्हाई."

"का?"

तो गप्प. मी काही वेळ जाऊ दिला. चौकशीत शांतता राखणं हे काम आहे, आणि ते नव्या अधिकाऱ्यांना सगळ्यात उशिरा जमतं.

"दादा काय म्हणला?" त्याने विचारलं.

"म्हणतो, डोळा लागला. चूक माझी. लिहून घ्या."

त्याने मान वर केली. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्याला हे ठाऊक नव्हतं. तो भीत होता की भाऊ त्याचं नाव घेईल. भावाने त्याला वाचवलं असेल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. तो बसल्या जागी पुढे वाकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. ग्रीस तोंडाला लागलं.

"न्हाई, साहेब. त्याला डोळा न्हाई लागला. त्याचा फोन आल्ता मला. 'मागून ब्रेक लागना गेलेत, काय केलंस तू?' म्हणला. मी म्हणलो, हळू जाय, दादा, येताना बराबर करून देतो. पुढं काही घाट न्हाई."

"बूस्टर कुणी काढले?"

"मी. तो यार्डात जेवत होता तवा. त्याला न्हाई सांगितलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"मालकाच्या. लाल गाडीला बूस्टर खराब हायत. नवे घ्यायला खर्चा नको म्हणतेत. परवा तिची तपासणी हाय, हिरवी आज पास झाली, तिचे काढ अन् लालीला लाव, असं म्हणले. नेहमीच करतो आम्ही. टायर बी बदलतो, दिवे बी. तपासणी झाली की परत जिथलं तिथं."

"आणि तुझ्याच भावाची गाडी?"

या प्रश्नाने तो जास्त मोडला. "त्याच्याच गाडीला म्या सगळ्यात चांगलं सामान लावलं होतं, साहेब. दुसऱ्यांचं जुनंपानं, त्याला नवं. म्हणून पाहिजे असलं की मालक त्याचीच गाडी उघडायला लावायचे."

कायद्याने पोलिसांपुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. मी त्याला ते समजावून सांगितलं. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे बोलायचं की नाही हे त्याच्याच हाती आहे, वकिलाला विचार, घाई करू नकोस, असंही सांगितलं. त्याने स्वतःच्या इच्छेने तिथे जबाब दिला. फोनचा तपशील आला, त्यात अपघाताच्या थोडं आधी थोरल्याने धाकट्याला केलेला फोन होता. निष्काळजीपणाचा गुन्हा होता तिथे सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. आणि आरोपी एक होता तिथे तीन झाले.

त्या संध्याकाळी मी थोरल्याकडे गेलो. वाटलं होतं, ओझं उतरल्यासारखं होईल त्याला. झालं उलटंच. त्याने मोडक्या हातासकट उठायचा प्रयत्न केला.

"तुम्हाला एक माणूस पाहिजे होता ना, साहेब? मी होतो ना! मी लिहून दिलं होतं. मंग त्याला कशाला ओढलं? त्याचं लगीन होऊन साल न्हाई झालं."

"खोटं होतं ते, भाऊ."

"मला काय फरक पडणार होता? गाडी मीच चालवत होतो. ब्रेक लागना गेले ते मला आधीच कळलं होतं. फोन ठेवला तवाच गाडी उभी करायला पाहिजे होती. भाऊ म्हणला हळू जाय, अन् मी गेलो. बाई माझ्याच हातून गेली." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. चादरीची घडी घालत होती. घालून झालेली घडी तिने पुन्हा मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"गाडीने सांगितलं," मी म्हणालो. "हिरवा रंग दिसला."

ते पूर्ण खरं नव्हतं. पण पूर्ण खोटंही नव्हतं, आणि कोर्टात तेवढंच लागणार होतं. त्या बाईने वर पाहिलं नाही. तिचं नाव मी कोणत्याही कागदावर येऊ दिलं नाही.

अजून एक भेट बाकी होती. गेलेल्या आरोग्यसेविकेचे यजमान जुन्या जालन्यात राहायचे. एका कार्यालयात लिपिक. बाईंची पर्स आणि मोबाइल घ्यायला ते ठाण्यात आले होते तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं होतं, "चालक झोपला होता का?" मी म्हणालो होतो, तसं तो सांगतोय. त्यांनी मान हलवली होती आणि गेले होते.

खरी गोष्ट त्यांना वर्तमानपत्रातून कळू नये असं मला वाटलं. म्हणून मीच गेलो. धान्याच्या दुकानांच्या गल्लीत वरच्या मजल्यावर घर. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, बोल्ट, बूस्टर, लाल ट्रेलर, दोघं भाऊ. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"झोप लागली असं कळलं ना, साहेब," शेवटी ते म्हणाले, "तेव्हा मी त्याला मनातून सोडून दिलं होतं. म्हटलं, झोप कुणालाही लागते. ती दमून यायची, बसमध्ये झोपायची, कधीकधी थांबा पुढे जायचा. तसंच त्या माणसाचं झालं असेल. आता तुम्ही सांगताय की कुणीच झोपलेलं नव्हतं. सगळे जागे होते. मग मी सोडू कुणाला?"

मी नमस्कार करून जिना उतरलो. खाली हमाल पोती उतरवत होते, रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, आणि मी जीपजवळ उभा राहून आपण कोणत्या दिशेने आलो होतो ते आठवत होतो.

मालकाने शेवटपर्यंत हात वर केले. मेकॅनिकने परस्पर केलं, मला काय ठाऊक, असं त्याचं म्हणणं. पण धाकट्याने जबाब दिल्याचं कळल्यावर त्याच्या यार्डातले इतर चालक एकेक करून ठाण्यात यायला लागले. कुणी सायंकाळी ड्यूटी संपवून, कुणी बायकोला बाहेर बसवून. प्रत्येकाजवळ तशीच गोष्ट होती. तपासणीआधी चढवलेले टायर नाक्याच्या पुढे उतरवले, मालकाने समोर उभं राहून उतरवायला लावले. त्यातले काही न्यायालयातही ठाम राहिले. नोकरी जाईल हे माहीत असून राहिले. काहींची गेलीही.

खटला रेंगाळला, पण निकाल लागला. मालकाला आणि धाकट्याला शिक्षा झाली. थोरल्यालाही कमी मुदतीची झाली आणि त्याने अपील केलं नाही. मालकाचं अपील मी निवृत्त झालो तेव्हा चालू होतं. थोरला आता गाडी चालवत नाही, गावात शेती करतो असं ऐकलं. भावाला तुरुंगात भेटायला तो ठरल्या वाराला जायचा. वहिनीही सोबत जायची. हे मला आमच्या हवालदाराने सांगितलं, आणि ते ऐकून मला जरा बरं वाटलं, हे कबूल करतो.

या प्रकरणाने काय शिकवलं असं मला व्याख्यानांत विचारतात, तेव्हा श्रोत्यांना कायद्याचा एखादा मुद्दा हवा असतो. माझ्याजवळ तसा काही मुद्दा नाही. यात कुणीही कुणाला मारायला निघालेलं नव्हतं. भाऊ भावाला वाचवत होता. मालक खर्च वाचवत होता. तपासणी पार पडावी म्हणून सगळे झटून काम करत होते, आणि ते काम त्यांना चांगलं येत होतं. फक्त ती तयारी नाक्यासाठी होती, रस्त्यासाठी नव्हती. आम्हीही नाक्यावर गाडी बघायचो. चालकाला उतरवून बाजूला उभं करायचो, कारण तो मधे येतो. ज्या माणसाच्या पायाला ब्रेक लागतो की नाही हे आधी कळतं, त्यालाच आम्ही गाडीपासून दूर उभं करत होतो.

त्यानंतर नोकरी होती तोवर नाक्यावर उभा राहिलो की मी चालकाशी आधी बोलायचो. मालक किंवा त्याचा माणूस आसपास नाही ना, ते बघायचो. मग विचारायचो, "ब्रेक कसे लागतात?" बहुतेक जण लगेच म्हणायचे, "बराबर हायत, साहेब." मी घाई करायचो नाही. तिथेच उभा राहायचो. काही जण खाली बघायचे, आणि मग त्यांची गाडी नीट बघावी लागायची.

एकदा राजूरच्या अलीकडे असाच एक ट्रेलर थांबवला. वरून सगळं चकाचक. चालक पन्नाशीचा, जाफराबादकडचा. मी विचारलं. तो माझ्याकडे पाहत राहिला. मागे गाड्यांची रांग लागली होती, शिपाई हात हलवून मला खुणावत होता.

"न्हाई लागत, साहेब," तो म्हणाला.

"मग इथंच राहू दे गाडी. दुरुस्त झाल्याशिवाय हलणार नाही. मालकाला सांग, पोलिसांनी अडवली."

त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला. रस्त्याकडेचा एक मोठा दगड उचलून त्याने मागच्या चाकाला लावला, पायाने दाबून पाहिला. मग टॉवेल खांद्यावर टाकला आणि मला विचारलं, "साहेब, इथं जेवायला कुठं मिळंल?"

मी त्याला हॉटेल दाखवलं. तो रमतगमत चालत गेला. त्याच्या मालकाचे फोन मग दुपारभर मला येत राहिले, आणि मी ते सगळे घेतले.